पाण्याची गाठ

जबड्याच्या हाडात होणाऱ्या एका गाठीला फिलिप्सेन या संशोधकाने 1956 साली केराटोसिस्ट म्हटलं. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने तिला ट्यूमरच्या यादीत टाकलं. ती हाडाच्या आतून लांबवर पसरते, काढली तरी परत येते, शिवाय पीटीसीएच नावाच्या जनुकात बदल सापडतात, ही कारणं. 2017 मध्ये तिला पुन्हा सिस्टमध्ये आणलं. तसे बदल इतर सिस्टमध्येही दिसले होते. आणि नुसतं भोक पाडून आतला दाब कमी केला, तरी ही गाठ आक्रसते. खऱ्या ट्यूमरकडून हे अपेक्षित नसतं.

मला ती झाली 2014 मध्ये, म्हणजे तिच्या ट्यूमरपणाच्या काळात. तेव्हा मी 23 वर्षांचा होतो. दुखत काहीच नव्हतं. अक्कलदाढेसाठी ओपीजी काढला आणि खालच्या जबड्याच्या कोपऱ्यात काळी पोकळी दिसली.

वर्गीकरण बदलण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते विज्ञानाचं कामच आहे. (प्लूटोचं उदाहरण लगेच आठवतं, पण प्लूटोला ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायची नव्हती.) मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे: पेशंटला कोणता शब्द द्यायचा? 'सिस्ट' ऐकलं की माणूस 'काढून टाका' म्हणतो. 'ट्यूमर' ऐकलं की 'हवं तेवढं कापा, पण संपवा' म्हणतो. म्हणजे शब्द देणाऱ्याने निम्मा निर्णय आधीच घेतलेला असतो.

मराठीत तर आणखी पंचाईत. आपल्याकडे दोन्हीला 'गाठ'च म्हणतात, आणि गाठ म्हटलं की घरात कॅन्सरच ऐकू येतो. म्हणून एका डॉक्टरांनी आईला सांगितलं, "पाण्याची गाठ आहे." आईला त्या रात्री झोप लागली, हे खरंच. पण आत पाणी नव्हतं. पनीरच्या चुऱ्यासारखं पांढरट केराटिन होतं.

अशा प्रेमळ खोटेपणाला मी विरोध करतो, तो सत्य पवित्र असतं म्हणून नाही. पाण्याची गाठ झालेला माणूस दोन वर्षांनी तपासणीला जायचं बंद करतो. ही गाठ दहा वर्षांनीही परत येऊ शकते.

दुसऱ्या सर्जननी नावावर वेळ घालवला नाही. ती कशी वागते ते सांगितलं आणि तीन रस्ते मांडले. जबड्याचा तेवढा भाग कापला तर परत येण्याची शक्यता सगळ्यात कमी, पण हाड जाणार. गाठ खरवडून पोकळीला कार्नॉय द्रावण लावलं तर उरलेल्या पेशी मरतात, पण शेजारच्या नसेला इजा होऊन खालचा ओठ बधिर होऊ शकतो. किंवा छोटी नळी बसवायची, महिनोन् महिने सिरिंजने पोकळी धुवायची, गाठ लहान झाली की काढायची. मग विचारलं, "यातलं काय गेलेलं तुला चालेल?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं. पण घाबरलेल्या तरुण मुलावर तो टाकणं हा आदर, की हात झटकणं? मला त्या दिवशी मनापासून वाटत होतं की दुसऱ्या कुणी तरी ठरवावं. शिवाय 'वागणं' सांगणंही निरपेक्ष नसतं; 'परत येते' हे दोन शब्द दहा सुरांत म्हणता येतात. तरीही मला तोच मार्ग कमी वाईट वाटतो, कारण त्या खोलीत नंतर ओठ बधिर होण्याची भीती असलेला माणूस एकटा मीच होतो.

मी नळी निवडली. नऊ महिने रोज दोनदा मिठाच्या पाण्याने धुतलं, मग उरलेली गाठ काढली. आता वर्षातून एकदा ओपीजी.

आई अजूनही विचारते, "पाण्याचीच होती ना रे ती?"

"नव्हती," मी सांगतो. "पण यंदाच्या फोटोत काही नाहीये."