शेवटचा मालक

थरोब्रेड घोडा दोन वर्षांचा झाला की शर्यतीत उतरतो आणि सहा-सात वर्षांचा होईपर्यंत बहुतेकांची धाव संपलेली असते. कुणाचा पाय दुखावतो, कुणाचा वेग सरतो, कुणाकडे तो मुळातच नसतो. नीट सांभाळलेला घोडा मात्र पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे मैदानावरची वर्षं चार-पाच आणि त्यापुढचं आयुष्य वीस वर्षांचं. महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यातल्या मालकापासून साइसापर्यंत सगळ्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. घोडा विकत घेताना मात्र तो कुणी मांडत नाही.

काही नामांकित नर आणि बऱ्या वंशाच्या घोड्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. खच्ची केलेल्या घोड्याला ती वाटही बंद. मग रायडिंग स्कूल, तिथून वरातीचा घोडेवाला, तिथून एखाद्या थंड हवेच्या ठिकाणचा किंवा चौपाटीवरचा फेरीवाला. प्रत्येक घोडा याच पायऱ्या उतरतो असं नाही. काहींना फार चांगली घरं मिळतात. पण उताराची दिशा ठरलेली. दर व्यवहारात घोड्याची किंमत उतरते आणि नव्या मालकाची ऐपतही. एके दिवशी घोडा बसतो आणि उठत नाही. तेव्हा काय करायचं हे ज्याला ठरवावं लागतं, त्याच्या पदरात त्या घोड्याने सगळ्यांत कमी टाकलेलं असतं. ज्यांनी त्याच्यावर कप मिरवले, त्यांच्या लेखी तो केव्हाच विकला गेलेला असतो.

हा निर्णय अवघड का, याचं एक कारण घोड्याच्या देहातच आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं हे जनावर माणसासारखं महिनाभर अंथरुणावर पडून राहू शकत नाही. फार वेळ आडवं राहिलं तर स्वतःच्याच वजनाखाली स्नायू आणि फुप्फुसं दबतात. उभं राहिलं तर मोडक्या पायाचा भार उरलेल्या पायांवर येतो आणि त्यांच्या खुरांतला, हाडाला खुराशी जखडून ठेवणारा थर सुजून सुटू लागतो. अमेरिकेत २००६ सालची केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बरोचा मागचा पाय दोनच आठवड्यांनी दुसऱ्या शर्यतीत मोडला. पैसा, सर्जन, शुश्रूषा, कशाचीच वाण नव्हती. मोडलेलं हाड बऱ्यापैकी सांधलंही. पण बाकीच्या खुरांनी दगा दिला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. बार्बरोची ही गत, तर मग पत्र्याच्या शेडमधल्या घोड्याची काय कथा?

आपल्याकडे या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे: मारायचं नाही. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. मोकाट कुत्री मारण्याच्या इंग्रजी धोरणावरून शहरात दंगल झाली होती, तिची पार्श्वभूमी त्यामागे होती. थकलेल्या जनावराला आपल्या मरणाने मरू द्यावं, या भावनेबद्दल मला आदर आहे. मात्र ती निभवायला चारा लागतो, जागा लागते, माणसं लागतात. हे काहीच न देता नुसतं ‘मारायचं नाही’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘माझ्या डोळ्यांसमोर नको’ एवढाच उरतो. १९२८ साली साबरमती आश्रमात तडफडणाऱ्या एका वासराला गांधीजींच्या संमतीने इंजेक्शन देऊन मरण दिलं गेलं, तेव्हा संतापाची पत्रं आली. गांधीजी मागे हटले नाहीत. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता, तर त्याने त्या वासराला गुपचूप दुसऱ्या गावी धाडून दिलं असतं आणि एकही पत्र आलं नसतं.

याच्या नेमकं उलट वागलेल्या एका बाईंची गोष्ट मला या विषयात सगळ्यांत मोलाची वाटते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० साली डोरोथी ब्रुक कैरोला आल्या, तेव्हा त्यांतले उरलेसुरले, हाडांची काडं झालेले घोडे रस्त्यांवर आणि खाणींत ओझी ओढत होते. त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले आणि तीन वर्षांत त्यांनी सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. कशासाठी? बहुतेकांना काही दिवस पोटभर चारा, सावली आणि मऊ अंथरूण देऊन मग शांतपणे मरण देण्यासाठी. शिवाय त्यांनी गरीब गाडीवानांना गुन्हेगार ठरवलं नाही. घोड्याची किंमत मोजली, म्हणजे त्यांना दुसरा घेता यावा. १९३४ साली त्यांनी कैरोत सुरू केलेल्या रुग्णालयातून वाढलेली संस्था आज भारतातही काम करते.

आपल्या कायद्यात वाट आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या १३ व्या कलमानुसार, वाचण्यापलीकडे गेलेल्या, यातना भोगणाऱ्या जनावराला मरण देता येतं. त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात जनावर वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! एवढ्यात घोड्याची एका वेळची चंदीही येत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल पाहता निकाल योग्यच होता. पण ज्या भाड्यातून चंदी यायची, ते भाडंच थांबलं की घोडा पोसायचा कुणी, हा प्रश्न बंदीने सुटत नाही. आपल्याकडे अशा वेळी योजना येते ती वरातीमागून घोडे म्हणतात तशी.

उतारावरचा एक मुक्काम या सगळ्यांहून निराळा आहे आणि तो पुण्यात आहे. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे रेसमधून निवृत्त झालेले घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याच्या रक्तापासून सीरम बनतं, तर ते आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. सर्पदंशावरचं प्रतिविषही असंच तयार होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोड्याथोड्या मात्रेत घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी काढतात. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावल्याचा अंदाज आहे. प्रतिविष नसतं तर आकडा कुठे गेला असता? वारंवार सुया टोचून घेणारा हा घोडा सुखात असतो असं मी म्हणणार नाही. मात्र तिथे निदान तो कुणाचा आहे याची नोंद असते. घोड्यांच्या ऋणाबद्दल बोलताना आपण इतिहासातले घोडे आठवतो. कोकणातल्या आरोग्य केंद्राच्या फ्रिजमधली बाटली कुणाला आठवत नाही.

नोंद ठेवणं अशक्य नाहीच. भारतात थरोब्रेड शिंगरू जन्मलं की त्याची आई, बाप, रंग, खुणा हे सगळं स्टड बुकात काटेकोरपणे चढतं. त्या नोंदीच्या वेळीच मालकाकडून एक रक्कम घ्यावी, पुढे प्रत्येक बक्षिसातून थोडी कपात करावी आणि घोडा कितीही हात बदलला तरी तो पैसा त्याच्या नावावर चालत राहावा. धंद्यातले लोक म्हणतील, पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागला, तिथेच आमचं कंबरडं मोडलं. तक्रार खोटी नाही. पण घोड्याच्या उरलेल्या वीस वर्षांचा खर्च तो कर लागण्याआधीही त्यांच्या वहीत नव्हता. असा निधी उभा राहिलाच, तर तो आधी हिरव्या कुरणांवर खर्च होईल अशी मला भीती आहे, कारण कुरणाचे फोटो चांगले येतात. पहिला पैसा जायला हवा तो शेवटच्या मालकाकडे रात्री-अपरात्री पोहोचणाऱ्या पशुवैद्याच्या फेरीवर, इंजेक्शनवर आणि पाचशे किलोचा देह पुरायला खड्डा खणणाऱ्या जेसीबीच्या भाड्यावर.