यकृताचें दान आणि देणारीची मोकळीक

यकृत, म्हणजे ज्यास आपण गांवाकडे काळीज म्हणतों, तें निकामी झालें तर दुसऱ्याच्या यकृताचा भाग घेऊन रोगी वांचूं शकतो, ही गोष्ट आतां उमरीसारख्या ठिकाणींहि कानावर येते. येथून धर्माबाद, निजामाबादच्या रेल्वेमार्गानें हैदराबादेस उपचारासाठीं जाणारे पुष्कळ आहेत. तेव्हां अशा प्रसंगीं ख्रिस्ती मनुष्यानें कसें वागावें याचा विचार आधींच करून ठेवणें बरें.

ही शस्त्रक्रिया १९६३ सालीं अमेरिकेंत डॉक्टर थॉमस स्टार्झल यांनीं प्रथम करून पाहिली. आपल्या देशांत १९९८ सालीं दिल्लीस एका बापानें आपल्या लेंकराला यकृताचा भाग दिला व तें मूल वांचलें. मेंदू मृत झालेल्या मनुष्याचें यकृतहि घेतां येतें. पण असें दान फार थोडें होतें, म्हणून बहुधा घरचेंच कोणी जिवंतपणीं देतें. देवानें यकृताची घडणच अशी केली आहे कीं, अर्ध्याहून अधिक भाग काढून दिला तरी कांहीं आठवड्यांत तें पुष्कळसें पुन्हां वाढतें. तरी काम जोखमीचें आहे. शेंकडों दात्यांतून एखादा दगावतोहि.

आतां प्रश्न असा. घरचा कर्ता पुरुष मरणाच्या दारीं आहे. सर्वांचे डोळे त्याच्या बायकोकडे लागतात. सासू रडते, दीर समजूत घालतात, आणि शेवटीं एखादा उपदेशक येऊन म्हणतो, "बाई, प्रभूनें तर सर्व देह दिला, तुझ्यानें काळजाचा तुकडा देववत नाहीं काय?" हें बोलणें भक्तीचें दिसतें. पण तें योग्य आहे काय?

आम्हांस तें योग्य वाटत नाहीं. प्रभु आपल्या इच्छेनें मरणास सामोरा गेला. त्याच्या अर्पणाचें मोल ह्यांतच आहे. प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठीं करिंथच्या मंडळीकडे वर्गणी मागत होता, तेव्हां पैशाविषयींहि त्यानें कोणावर जुलूम होऊं दिला नाहीं. मग देहाविषयीं किती अधिक जपावें!

कोणी म्हणेल, "अशी मोकळीक दिली तर बायका माघार घेतील व रोगी मरतील." हा आक्षेप हलका नाहीं, कारण एक जीव खरोखरच जात असतो. पण आकडे पाहा. राष्ट्रीय नोंदीप्रमाणें २०१८ ते २०२३ ह्या वर्षांत अवयव देणारे जिवंत दाते सुमारें ५६,५०० होते. त्यांपैकीं ३६,००० वर स्त्रिया होत्या, आणि घेणारे बहुतेक पुरुष. स्त्रिया माघार घेतात असें ह्यावरून मुळींच दिसत नाहीं. उलट विचारावेसें वाटतें कीं, बायको आजारी पडली तर नवरा, भाऊ व दीर तितक्याच तत्परतेनें पुढें होतात काय?

सरकारनेंहि हें ओळखिलें आहे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा; त्याखालील २०१४ च्या नियमांत सांगितलें आहे कीं, दाता स्त्री असल्यास अधिक सावधगिरी घ्यावी, व तिची स्वतंत्र संमति रोग्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्यावी. मंडळीनें ह्याहून कमी जपावें काय? म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा घरीं जाल तेव्हां मंडळींतील एखाद्या वडील बहिणीला बरोबर न्या, आणि ती बहीण त्या बाईशीं एकांतीं बोलो. नाहीं म्हटल्यानें तिचा मान कमी होणार नाहीं, हें तिला स्पष्ट कळूं द्या. मग ती हो म्हणाली तर तो होकार तिचा स्वतःचा असेल.

दान दिल्यावरहि तिला विसरूं नये. शरीरानें परकें यकृत नाकारूं नये म्हणून रोग्यास जन्मभर ठराविक वेळीं औषधें घ्यावीं लागतात. त्यांनीं रोगाशीं झगडण्याची शक्ति मंद होते. म्हणून ताप येतांच डॉक्टरांस कळवावें, पाणी उकळून प्यावें, विचारल्यावांचून झाडपाला घेऊं नये, आणि दारूस शिवूं नये. ह्यासाठीं त्याच्या भोंवतीं माणसें असतात. पण देणारीच्या पोटावरहि मोठी जखम असते, व दोन-तीन महिने तिनें ओझें उचलूं नये. तिची घागर कोण आणणार? तिचा कापूस कोण वेंचणार? मंडळीच्या पुरुषांनीं पाळी लावून हें करावें, व सुगीच्या सणाच्या दानांतून गाडीभाड्यासाठीं व औषधासाठीं कांहीं बाजूस ठेवावें.

आणखी एक गोष्ट आपणां सर्वांच्या हातीं आहे. २०१६ सालीं औरंगाबादेहून, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराहून, मेंदू मृत झालेल्या एका तरुणाचे अवयव विमानानें मुंबईस पोहोंचविण्यांत आले. मरणानंतर देण्यास आपण जितके अधिक जण तयार होऊं, तितक्या थोड्या बायकांवर हा प्रसंग येईल. देह अपुरा पुरला तर पुनरुत्थानास अडथळा येईल, अशी भीति कोणी बाळगूं नये. ज्यानें मातीपासून मनुष्य घडविला त्याला कांहींच उणें पडत नाहीं. तेव्हां प्रिय बंधुभगिनींनो, ह्याविषयीं आजच घरांत बोला, आणि आपली इच्छा आपल्या माणसांस सांगून ठेवा.