तारीख वेलींना विचारून धर

चि. छकुली हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. लग्न पुण्याच्या कार्यालयात न करता आमच्याकडे नाशिकला, गोदेच्या खोऱ्यात, द्राक्षबागेत करायचं म्हणतेस. दादाला हे खूळ वाटतं. मला वाटत नाही. कार्यालयात सकाळी नऊला शिरायचं, दोनला जेवायचं आणि चारला पुढच्या लग्नासाठी हॉल रिकामा करून द्यायचा, यात माणसांना माणसं भेटतच नाहीत. इथे दोन दिवस सगळे एकत्र राहतील, गंगापूर धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा खातील, निवांत बोलतील. म्हणून मी तुझ्या बाजूची आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

तू पाठवलेल्या फोटोंमध्ये बागा हिरव्यागार आहेत आणि तारीख तू मे महिन्यातली धरायला निघालीस. बाळ, हे दोन्ही एकत्र जमत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघाला की एप्रिलच्या आसपास आमच्याकडे खरड छाटणी होते. वेलीच्या सगळ्या काड्या मागे छाटून ओलांड्यावर एखादा डोळा तेवढा ठेवतात. बाग उघडी पडते. खांब, तारा आणि काळी खोडं एवढंच दिसतं. मेमध्ये नवी फूट येते खरी, पण ती कोवळी असते, आणि ऊन चाळिशीला टेकलेलं. त्या उन्हात शेला-शालू नेसून तू आणि फेटा बांधून जावईबापू होमापुढे बसणार, हे माझ्या डोळ्यांपुढे येतं आणि जीव कासावीस होतो. पावसाळ्यात खोरं सुंदर दिसतं, पण चातुर्मासात मुहूर्त नसतात आणि बागेत पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल.

फळछाटणी, म्हणजे आमची गोडी छाटणी, होते सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांत डोळे फुटतात, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस बाग पानांनी भरते. मण्यांचे बारीक हिरवे घोस तेव्हा दिसू लागतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तही सुरू होतात. डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागतो आणि मुहूर्त थांबतात. तो संपतो संक्रांतीला. म्हणजे तुझ्यासाठी दोन खिडक्या आहेत: तुळशीच्या लग्नापासून धनुर्मासापर्यंत, आणि संक्रांतीनंतर फेब्रुवारीपर्यंत. दुसऱ्या खिडकीत काळ्या द्राक्षांचे घोस रंगलेले असतात, पण तेव्हा वायनरीत तोडणीचा हंगाम असतो, ट्रॅक्टर-क्रेटांची ये-जा असते आणि शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी. मला विचारशील तर डिसेंबरचा पहिला आठवडा धर, आणि त्यातलाही मधला वार. गुरुजींना गुरू-शुक्राचा अस्त आहे का ते आधी विचार, मगच जागेला पैसे दे. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्या काळात शहरात खोली मिळणं मुश्कील आणि रस्त्यांवर गर्दी, तेव्हा खरेदीलासुद्धा यायचं नाही.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गोरज मुहूर्त मिळाला तर सोन्याहून पिवळं. फोटो काढणाऱ्याला साडेचार ते सहा एवढा वेळ द्यायचा. मात्र दिवस मावळला की पाण्याकाठी हवा झपाट्याने गार होते. निफाडकडे तर थंडी इतकी उतरते की काही रात्री द्राक्षं वाचवायला शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. तेव्हा रात्रीचं जेवण उघड्यावर मांडू नकोस. मांडायचंच असेल तर तीन बाजू बंद असलेला मांडव घाल आणि प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या हातात शाल दे. परतीच्या भेटवस्तूंवर पैसे घालवण्यापेक्षा ती शाल शंभर पटींनी उपयोगी पडेल.

आता यादीचं. तू लिहिलंस चारशे माणसं. चारशे माणसांना बागेत नेलंस तर बाग उरत नाही, गर्दी उरते. तिथे जागा आखडती, वाटा चढ-उताराच्या, गाड्या लावायला एकच मैदान. दीडशेवर ये. पण कात्री कुठे लावायची ते नीट ऐक, कारण हल्ली ती नेमकी चुकीच्या ठिकाणी लागते. ऑफिसातले, ओळखीतले, एकदा भेटलेले मित्र कमी कर. काका-मामा, तुझ्या आजीच्या मैत्रिणी, रत्नागिरीहून येणारी जावईबापूंकडची म्हातारी माणसं कमी करू नकोस. त्यांना दूरचं पडेल, त्रास होईल, असं म्हणून तूच त्यांच्या वतीने ठरवलंस तर ते आयुष्यभर मनात धरतील. त्यांना विचार. नाही म्हणाले तर पुण्यात साधं स्वागत ठेव आणि तिथे सगळ्या चारशेंना बोलाव. पुण्याहून नाशिक दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, मुंबईहून त्याहून कमी. बस ठरवायची असेल तर वाटेत थांबण्याची, चहाची, शौचालयाची सोय आजीच्या वयाने विचार करून बघ, तुझ्या वयाने नको.

आजीसाठी एक गोष्ट जागा बघायला जाशील तेव्हाच तपास. खोलीपासून मांडवापर्यंत चाकाची खुर्ची जाते का? बागेच्या आत ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतात, माती भुसभुशीत असते. उंच टाचांची चप्पल आणि चाकाची खुर्ची दोन्ही तिथे अडतात. मंडप डेकोरेशनवाल्याने खुंट्या ठोकताना ठिबक फोडली तर मालकाचं पाणी बंद होतं आणि तुझ्या लग्नाच्या दिवशी भांडण सुरू होतं. म्हणून मांडव बागेच्या कडेला, मुरमाच्या किंवा हिरवळीच्या सपाट जागेवर घाल. बाग मागे दिसू दे. पाहुण्यांना तिच्यात शिरवू नकोस, आणि घोस तोडून तोंडात टाकायचे नाहीत हे सगळ्यांना सांग. औषधाची फवारणी झालेली असते. फवारणीनंतर किती दिवसांनी फळ खायचं याचे नियम असतात आणि ते मालकालाच ठाऊक असतात. शिवाय वाइनची द्राक्षं टेबलावरच्या थॉमसनसारखी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खाऊन पाहणाऱ्याची निराशाच होते.

वाइनबद्दल तू चारच ओळी लिहिल्यास, पण दादाची खरी धास्ती तिथेच आहे. माझं मत सरळ आहे. हे खोरं वाइनचं आहे आणि ती इथल्या शेतकऱ्याच्या घामातून येते; लपवण्यासारखं काही नाही. राजीव सामंतांनी 1997 च्या सुमारास गंगापूरजवळ वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली, 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि बघता बघता दिंडोरी, इगतपुरीपर्यंत वायनऱ्या उभ्या राहिल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हे पाहुण्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं. तरी धार्मिक विधींच्या दिवशी वाइन नको. आदल्या संध्याकाळी, हळद-मेहंदी आटोपल्यावर, वेगळ्या जागी, ज्यांना हवी त्यांच्यासाठी ठेव. ज्यांना नको त्यांना तिच्याजवळून जावंही लागू नये, अशी जागा निवड.

हिशेब असा कर. 750 मिलीच्या बाटलीतून दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात. दीडशेपैकी साठ जण पिणारे धरले, प्रत्येकी दोन ग्लास, तर चोवीस बाटल्या लागतात. दोन-चार जास्तीच्या ठेव. तिखट जेवणाबरोबर शेनिन ब्लाँकसारखी किंचित गोडसर पांढरी बरी पडते. जागेकडे स्वतःचा परवाना आहे का ते विचार. नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना घ्यावा लागतो, तो लग्नघाईवर सोडू नकोस. कोरडा दिवस तुझ्या तारखेला येत नाही ना तेही बघ. निवडणुका जाहीर झाल्या तर ते ऐन वेळी कळतं. बाटली बाहेरून आणली तर जागावाले काय आकारतात, स्वयंपाकी तुमचा चालतो का, जनरेटर कोणाचा, पाऊस आला तर झाकलेली दुसरी जागा आहे का, पैसे परत कधी मिळतात, हे सगळं लेखी घे. तोंडी ‘होऊन जाईल’वर थांबू नकोस.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, हा 2000 सालचा नियम आहे आणि तो पाळ. नियम नसता तरी पाळ म्हटलं असतं. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. धरणाच्या पाणथळीवर पक्षी येतात. आणि बागेत काम करणाऱ्या बाया पहाटे उठतात. पेठ, सुरगाण्याकडून आलेली ही माणसं छाटणीला, तोडणीला मुक्कामालाच असतात. ज्या बागेपुढे तू उभी राहून फोटो काढणार, ती त्यांच्या हातांनी उभी आहे. लग्नाच्या दिवशी त्यांची पंगत मांड. उरलेलं अन्न डब्यात भरून देणं वेगळं. त्यांना पाहुण्यांबरोबर पानावर बसव. मालकाला आधी विचार, तो नाही म्हणणार नाही. फटाके आणि आकाशकंदील अजिबात नकोत. ड्रोन उडवायचा असेल तर फोटोवाल्याला परवानग्या आधी काढायला लाव. देवळालीला लष्कर आहे, ओझरला विमानतळ.

जेवणात शहरातल्या हॉटेलचा थाट आणू नकोस. मांडे करणाऱ्या बाया बोलाव. उलट्या ठेवलेल्या खापराखाली जाळ, आणि पुरण भरलेली पोळी दोन्ही मनगटांवर झुलवत झुलवत हातभर वाढवून त्या खापरावर अलगद टाकतात. इतकी पातळ की आतल्या पुरणाचा रंग दिसतो. तूप आणि दुधाबरोबर गरम वाढायची. जावईबापूंकडच्या कोकणातल्या माणसांनी हे पाहिलेलं नसेल. तो स्वयंपाक सर्वांना दिसेल अशा जागी ठेव. सकाळी मिसळ, आणि ज्यांना तिखट सोसत नाही त्यांना पोहे.

लग्नाची पहिली अक्षत आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला ठेवू. गोदाकाठीच आहे, सगळ्यांना जाता येईल. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी वेळ मिळाला तर सोमेश्वरचा धबधबा दाखव, मात्र डिसेंबरात पाणी कमी असतं, आधीच सांगून ठेव. विवाहनोंदणीचा अर्ज लग्नानंतर 90 दिवसांत द्यायचा असतो; गुरुजींची आणि साक्षीदारांची सही त्याच दिवशी घे, नंतर गुरुजींना गाठायला पुन्हा नाशिकला यावं लागेल.

येत्या आठवड्यात दादाला घेऊन ये. गंगापूर धरणाच्या बाजूची आणि दिंडोरीकडची अशा दोन्ही जागा एकाच दिवशी बघून होतील. दुपारी जाऊ नकोस. चारला निघू, म्हणजे संध्याकाळी मांडवात किती गारठा असेल याचा अंदाज येईल आणि आजीची खुर्ची घेऊन फिरूनही बघू. यादी छापील आण, मी कात्री लावायला तुझ्याबरोबर बसते. दादाच्या शंकांची उत्तरं मीच देईन, तू त्याच्याशी वाद घालू नकोस.

तुझी,
आत्या