थेंबाची कड

डिसेंबरातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरीच्या बाजूला, रांगड्या कांद्याचा वाफा. पातीवरचं दव नुकतंच सुकलंय, वाराही पडलेला आहे. बांधावर बसा. श्वास आपला आपण चालू द्या.

पाठीवर पंप घेतलेला माणूस वाफ्यातून चाललाय. नोझलमधून धुकं सुटतं. त्यातला एकच थेंब धरा. तो पातीवर पडतो. पात मेणचट, थेंब गोळी होऊन घरंगळतो. म्हणून औषधात स्टिकर घालतात. मग पुढचा थेंब पसरतो, पातीला धरून राहतो. त्याच्याकडे बघत राहा.

आता थेंबाच्या कडेला या. इथे पाणी संपतं, हवा लागते. थेंबात प्रथिन असेल, तर त्याच्यासाठी ही जागा घातक. त्याची घडी अशी की पाण्याला टाळणारे भाग आत दडलेले. हवेशी गाठ पडली की ते बाहेर ओढले जातात, घडी मोडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी प्रथिनाचं पाणी तीन मिलिमीटरच्या जाळीवर इतकं पातळ पसरवतात, की एकेक कण सेकंदाला हजाराहून जास्त वेळा कडेवर आपटतो. नेहमीच्या पद्धतीत जास्तीचं पाणी टिपकागदाने टिपायलाच काही सेकंद जातात. मोजा. एक. दोन. तीन.

म्हणून तिथेही फवारा आला. बारीक थेंब जाळीवर, आणि जाळी लगेच उणे १८० अंशांच्या आसपासच्या द्रवरूप ईथेनमध्ये. बर्फाचे स्फटिक व्हायलाही सवड नाही. पाण्याची काच होते. १९९५ साली शास्त्रज्ञ नायजेल अन्विन यांनी विजेचा धक्का देणाऱ्या माशातल्या एका प्रथिनावर, त्याचं दार उघडणारं असिटिलकोलीन फवारलं आणि पाच मिलिसेकंदांच्या आत ते गोठवलं, कारण त्या प्रथिनाचं दार फार वेळ उघडं राहत नाही. त्याच कुळातल्या, किडीच्या प्रथिनावर आपलं कीटकनाशक इमिडाक्लोप्रिड जाऊन बसतं.

इथे थोडं थांबा. मला या घाईचं फार वाटतं. एवढी जिवापाड धडपड, तीही एक कण जसा आहे तसा राहावा म्हणून.

तरी मिलिसेकंदांतही काही कण कडेला पोचतातच. मग कुणी त्या पाण्यात साबणाच्या जातीचं काहीतरी किंचित घालतं. ते आधी कड अडवून बसतं, प्रथिन आत राहतं. स्टिकरही याच जातीचं.

पातीवरचा थेंब अजून तिथेच आहे. ऊन चढतंय. कड हळूहळू आत सरकतेय.