आळस कीं हताशपणा?

दुष्काळी मुलखांतील शेतकरी हातपाय हलवीत नाहीं, नशिबावर हवाला ठेवून स्वस्थ बसतो, असा आक्षेप आपल्या सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतो. तो घेणारांच्या मनांत दुष्टावा असतो असें नाहीं. परंतु ज्याच्या घरीं नळाला पाणी येतें, त्यानें दुसऱ्याच्या आळसाचा निवाडा करावा हें कितपत न्याय्य आहे? प्रश्न नीतीचा आहे. पण त्याच्या उत्तरास मानसशास्त्राचें साहाय्य चांगलें होतें.

१९६७ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनीं कुत्र्यांवर एक प्रयोग केला. पहिल्या गटास विजेचे धक्के बसत. पण डोक्यानें बाजूची फळी दाबली कीं धक्का थांबे. दुसऱ्या गटास तितकेच धक्के बसत. परंतु कांहींहि केलें तरी ते थांबत नसत. तिसऱ्यास धक्के नव्हतेच. पुढें सर्वांस अशा पेटींत ठेविलें कीं, मधला बुटका आडोसा ओलांडतांच सुटका व्हावी. पहिल्या व तिसऱ्या गटांतील कुत्रे उडी मारावयास शिकले. दुसऱ्या गटांतील बहुतेक धक्के सोशीत पडून राहिले. मुक्या जनावरांचा छळ करून मिळविलेलें हें ज्ञान आम्हांस सुखाचें वाटत नाहीं. पण तें मिळालेंच आहे, तर त्याचा अर्थ तरी नीट लावला पाहिजे.

पहिल्या दोन गटांचें दुःख सारखेंच होतें. भेद होता तो आपल्या कृतीला फळ आहे कीं नाहीं, या अनुभवाचा. आळशी व हताश हे दोघे बाहेरून एकसारखेच दिसतात. परंतु आळशाला फळ मिळेल हें ठाऊक असूनहि श्रम नको असतात, आणि हताशाला श्रमांचें भय नसून फळाचा भरंवसा नसतो. ज्याची पेरणी गेली, दुबार पेरणीहि गेली आणि विहिरीला पाणी लागलें नाहीं, त्यास आळशी म्हणणें ही नुसती चूक नव्हे, अन्याय आहे.

याच दोघां संशोधकांनीं २०१६ सालीं आपला सिद्धांत उलटा करून मांडला. मेंदूविषयीं पुढें झालेल्या संशोधनावरून ते म्हणूं लागले कीं, हताशपणा शिकावा लागत नाहीं. दीर्घ क्लेशांत गळून जाणें हा मूळ स्वभावच आहे. शिकावी लागते ती आपल्या हातीं कांहीं आहे ही जाणीव.

याचें उदाहरण पाहण्यास अमेरिकेस जावयास नको. जालना तालुक्यांत कडवंची नांवाचें गांव आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्यानें, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांत, तेथें बांधबंदिस्ती व नाला बांध झाले. पुढें शेततळीं व ठिबक सिंचन आलें. कोरडवाहू गांव द्राक्षांचें गांव झालें. २०१२ च्या दुष्काळांत जिल्ह्यांत टँकर व चारा छावण्या चालू असतांना तेथील बागा तगल्या. पाऊस वाढला नव्हता. पडलेलें पाणी अडलें होतें. आणि पहिल्या बांधाशीं पाणी दिसल्यावर दुसऱ्या बांधासाठीं उपदेशाची गरज फारशी उरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, अशानें माणसाची जबाबदारीच संपली. तसें नाहीं. निजलेल्या कुत्र्यांना शेवटीं दोरीनें ओढून पुनःपुन्हां आडोशापलीकडे न्यावें लागलें, तेव्हां तीं स्वतः उडी घेऊं लागलीं. माणसाला असें ओढतां येत नाहीं. गांवकऱ्यांनीं श्रमदानाचा वाटा उचलावा, ही त्या पाणलोट कार्यक्रमाची अटच होती. मात्र पहिलें फळ दृष्टीस पडेल अशी सोय करणें हें समर्थांचें कर्तव्य आहे. प्रयत्नाचा महिमा सांगणारे रामदासस्वामी १६०८ सालीं याच जिल्ह्यांतील जांब गांवीं जन्मले. पण ते नुसता उपदेश करून राहिले नाहींत, त्यांनीं ठिकठिकाणीं मठ उभारले. आपण मात्र उपदेश तेवढा उचलला. यापुढें कोणास आळशी म्हणण्यापूर्वीं, त्याच्या श्रमाला फळ येण्याची वाट मोकळी आहे काय, एवढें तरी आपण विचारावें.