बेरजेतला माणूस

वर्गणीदार हा मराठी नियतकालिकांच्या जगातला जुना शब्द आहे. संपादकाजवळ एक वही असे. तीत वर्गणीदाराचे नाव, पत्ता, वर्गणी कधी आली आणि कधी संपणार एवढेच लिहिलेले असे. अंक टपालात पडल्यावर त्याने तो वाचला, शेजाऱ्याला दिला की रद्दीत टाकला, हे कळण्याचा मार्ग संपादकाकडे नव्हता. वाचकाचे पत्र आले तर समजे. एरवी वाचकाचे मौन वाचकापाशीच राही.

आता ती वही संगणकात गेली आहे. दुकाने, बँका, शिक्षणसंस्था, धर्मादाय ट्रस्ट, नियतकालिके, सारेच एका वेळी हजारो लोकांना ईमेल पाठवणारी सॉफ्टवेअर वापरतात. या पाठवणीला 'मोहीम' म्हणतात. मोहीम सुटली की पडद्यावर आकडे उमटू लागतात. किती जणांना ईमेल पोहोचला, किती जणांनी उघडला, किती जणांनी त्यातल्या दुव्यावर बोट ठेवले, किती जणांनी 'माझे नाव काढा' म्हणून कळवले. वरवर पाहता हा तंत्रज्ञांचा विषय वाटतो. पण थोडे खोलवर गेले की तो नीतीचा विषय आहे हे ध्यानात येते.

आधी ही मोजणी होते कशी ते पाहू. ईमेलमध्ये ठिपक्याएवढे, डोळ्यांना न दिसणारे एक चित्र दडवलेले असते. वाचकाने ईमेल उघडला की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि तिकडे 'उघडला' अशी नोंद पडते. प्रत्येक वर्गणीदारासाठी त्या चित्राचा पत्ता वेगळा असतो. त्यामुळे कोणी, कोणत्या वेळी, किती वेळा उघडला हे सारे नोंदले जाते. ज्याची नोंद होते त्याला बहुधा याची कल्पनाही नसते.

मग या नोंदींची बेरीज होते, आणि बेरीज ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही. समजा, एका मोहिमेत १०० जणांना ईमेल गेला आणि ५० जणांनी तो उघडला. दुसरीत ९०० जणांना गेला आणि ९० जणांनी उघडला. पहिलीचे प्रमाण ५० टक्के, दुसरीचे १० टक्के. दोन्हींची सरासरी काढून कोणी ३० टक्के सांगितले तर ऐकणारा खूश होईल. प्रत्यक्षात १,००० पैकी १४० ईमेल उघडले गेले, म्हणजे १४ टक्के. यात एकही आकडा खोटा नाही, तरी सांगणे खोटे आहे.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. जानेवारीत ३०० जणांनी ईमेल उघडला, फेब्रुवारीतही ३०० जणांनी. मग एकूण वाचक किती? ६०० असू शकतील, किंवा तेच ३०० पुन्हा आले असतील. याचे उत्तर हवे असेल तर जानेवारीतला माणूस फेब्रुवारीत ओळखता आला पाहिजे. म्हणजे त्याची ओळख जपून ठेवली पाहिजे. एकाच माणसाचे दोन ईमेल पत्ते असतील तर तो दोनदा मोजला जातो. ते टाळायचे तर त्याच्याविषयी आणखी माहिती गोळा करावी लागते. आपल्याकडे तर एका पत्त्यावर अख्खे कुटुंब वाचते, तिथे पाच माणसे एक मोजली जातात. त्यांना वेगळे करायचे तर घरात आणखी डोकावावे लागते.

खरा पेच इथे आहे. बेरीज अचूक हवी तर माणसावर नजर ठेवावी लागते. माणसाला एकटे सोडले तर बेरीज कच्ची राहते. सत्य ही चांगली गोष्ट आहे आणि दुसऱ्याच्या खाजगीपणाचा आदर हीही चांगली गोष्ट आहे. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर काय निवडावे?

यावर एक तयार उत्तर दिले जाते. नावे पुसून टाका, नुसते आकडे ठेवा, म्हणजे प्रश्न मिटला. वास्तविक पाहता तो इतक्या सहज मिटत नाही. २००६ साली नेटफ्लिक्स या कंपनीने एका स्पर्धेसाठी आपल्या सुमारे ४ लाख ८० हजार वर्गणीदारांनी चित्रपटांना दिलेले गुण जाहीर केले. नावे काढून टाकली होती. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी दाखवून दिले की, एखाद्याने इतरत्र उघडपणे दिलेली थोडी मते हाताशी असली, तरी त्या निनावी ढिगाऱ्यातून नेमका तो माणूस शोधता येतो. माणूस कोणते चित्रपट पाहतो यावरून त्याच्या मनातले पुष्कळ काही उघडे पडते. पुढे न्यायालयात दावा दाखल झाला आणि २०१० साली नेटफ्लिक्सने दुसरी स्पर्धा रद्द केली.

बरे, नाव सापडले नाही तरी समूह सापडतोच. एखाद्या दुकानाने रमजानच्या सवलतीचा ईमेल पाठवला आणि तो उघडणाऱ्यांची वेगळी यादी करून ठेवली, तर कोणालाही धर्म न विचारता धर्माची यादी तयार झाली. आज ती ईदच्या शुभेच्छांसाठी वापरली जाईल. उद्या ती कोणाच्या हाती पडेल आणि त्याची नियत काय असेल, हे यादी सांगत नाही. १९४० च्या अमेरिकन जनगणनेतील लहान लहान विभागांचे तक्ते १९४२ मध्ये तिथल्या लष्कराला पुरवण्यात आले. त्या तक्त्यांत नावे नव्हती, केवळ बेरजा होत्या. जपानी वंशाचे लोक कुठे राहतात हे कळायला तेवढे पुरेसे ठरले. लाखाहून अधिक माणसे घरातून उठवून छावण्यांत नेली गेली. जनगणना खात्याच्या प्रमुखांनी याबद्दल माफी मागितली ती २००० साली.

म्हणून मोजणीच नको, असे म्हणायचे का? तसे म्हणणे आपल्याला तरी परवडणारे नाही. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आला, तेव्हा मुस्लिम समाजाची शिक्षणातली, नोकऱ्यांतली, बँकेच्या कर्जातली स्थिती आकड्यांनिशी देशासमोर मांडली गेली. २००१ च्या जनगणनेत मुस्लिमांमधील साक्षरता ५९.१ टक्के होती, देशाच्या सरासरीहून सुमारे ६ टक्क्यांनी कमी. लांगूलचालनाच्या आरोपाला नुसत्या तक्रारीने उत्तर मिळाले नसते, ते या आकड्यांनी मिळाले. ज्याची मोजदाद होत नाही त्याचे दुःखही दिसत नाही. मग एका मोजणीचे आपण स्वागत करतो आणि दुसरीने अस्वस्थ होतो, ते का? पहिली उघडपणे झाली, मोजल्या गेलेल्यांच्या भल्यासाठी झाली आणि तिचे फळ त्यांच्यापुढेच ठेवले गेले. दुसरी न दिसणाऱ्या ठिपक्यातून होते आणि तिचे फळ फक्त मोजणाऱ्याला मिळते.

आता प्रश्न आपल्या दारात आणून पाहू. एखादा ट्रस्ट रमजानमध्ये गरीब मुलांच्या फीसाठी जकात आणि सदक्याचे आवाहन ईमेलने पाठवतो. हेतू नेक आहे. सॉफ्टवेअर त्याला दाखवते की अमुक गृहस्थांनी आवाहन तीन वेळा उघडले, पैसे देण्याच्या पानापर्यंत गेले आणि काही न देता परत फिरले. ही माहिती ट्रस्टने मागितली नव्हती, पण ती समोर आली आहे. पुढच्या जुम्म्याला ते गृहस्थ भेटले तर चिटणीस त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील? कदाचित त्या माणसाचा स्वतःचा हात तंग असेल. कदाचित त्याने दुसरीकडे गुपचूप दिले असेल. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी शिकवण असलेल्या समाजात देण्याची आणि न देण्याची तासा-मिनिटांनिशी नोंद राहते, ही साधी गोष्ट नाही. कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींचा शोध घेण्याला, तजस्सुसला, मनाई आहे. ती मनाई यंत्राने शोध घेतला म्हणून सैल होत नाही.

शिवाय ती नोंद खरी असेलच असेही नाही. २०२१ साली ॲपलने आपल्या ईमेल व्यवस्थेत अशी सोय केली की, वाचकाने ईमेल उघडला नाही तरी त्यातली चित्रे आधीच मागवून ठेवली जातात. त्यामुळे ज्याने पाहिलेही नाही तोही 'उघडला' या रकान्यात जाऊन बसतो. उलट ज्याने चित्रे बंद ठेवून मजकूर मन लावून वाचला, तो 'निष्क्रिय' ठरतो, आणि कित्येकदा यादीतून गळतो. आपण ठिपक्याची हालचाल मोजतो आणि म्हणतो माणसाचे मन मोजले.

माझ्या मते वरच्या पेचाचे उत्तर असे आहे. जिथे अचूक बेरीज आणि माणसाची आब यांत निवड करावी लागेल, तिथे बेरीज कच्ची राहू द्यावी आणि ती कच्ची आहे हे प्रामाणिकपणे सांगावे. 'सुमारे ३०० ते ६०० वाचक' असे म्हणण्यात लाज नाही. अचूकतेसाठी कोणाच्या घरात डोकावण्यात मात्र आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरावी, आणि काम झाले की पुसून टाकावी. अमानत म्हणजे दुसरे काय? एकेका माणसाची हालचाल पाहण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असली तरी ती बंद ठेवावी, एकूण आकड्यावर भागवावे. आणि बेरीज इतक्या थोड्या माणसांची असेल की त्यातून माणूस ओळखू यावा, तर तीही जाहीर करू नये.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. हे योग्यच झाले. पण लांबलचक अटींखाली 'मान्य' या शब्दावर बोट ठेवून घेतले की कायद्याचा कागद पुरा होऊ शकतो, नीतीचा होत नाही. नीतीची कसोटी साधी आहे. ज्याच्याविषयी आपण जे जे टिपून ठेवले आहे, ते त्याला समोर बसवून, मान खाली न घालता, वाचून दाखवता येईल का? येत असेल तर मोजावे. येत नसेल तर ती नोंद आपली नाही, त्याची आहे, आणि ती ठेवण्याचा हक्क त्याने आपल्याला दिलेला नाही.