अस्तर

‘रंगरंगोटी’ हा शब्द आपण सहसा आदराने वापरीत नाही. ‘नुसती वरवरची रंगरंगोटी!’ असे म्हटले की माणसाचा, संस्थेचा अथवा सरकारी योजनेचा निकालच लागतो. तरीही दिवाळी आली की आपण घराला रंग काढतो आणि त्यात कोणाला लबाडी दिसत नाही. झाकणे म्हणजे फसविणे का, हा प्रश्न मला पडला तो मुलुंडला, आमच्या सोसायटीच्या आवारात, एका जुन्या मोटारीमुळे.

मोटार शेजारच्या काकांची. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्या टॅक्सी झालेल्या बहिणींना मुंबईने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप दिला; ही खाजगी, म्हणून राहिली. काकांनी ती स्वतःच्या हाताने रंगवायला घेतली. मला वाटले, दोन रविवारांचे काम. तीन महिने झाले तरी रंगाचा डबा उघडलाच नव्हता!

उघड्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा प्रायमर, खळग्यांत लांबी, ती पॉलिश पेपरने घासून सपाट करायची, मग अस्तराचा हात, पुन्हा पाणी लावून घासणे, दर खेपेस अधिक बारीक कागद. त्यानंतर रंगाचे पातळ हात आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लेप. लांबी सोडली तर हा सारा संसार मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास! लोक ज्याला ‘काय सुरेख रंग!’ म्हणून वाखाणतात, तो थर त्यातही लहानसाच.

दाराच्या खालच्या कडेला गंजाने भोक पडले होते. “लांबी भरा काका, वर्षभर काही दिसणार नाही,” असे एका रंगाऱ्याने सुचविले. काकांनी तेवढा पत्रा कापून नवा तुकडा जोडून घेतला. ती कड कोणी वाकून पाहणार नव्हते, मोटार विकायचीही नव्हती. मग ही सचोटी कोणाशी?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत : कल्हई आणि मुलामा. दोन्ही म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर. पण कल्हईवाचून पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते. मुलाम्यावाचून फक्त तांब्याचे तांबेपण उघडे पडते. कल्हई केलेले पातेले ‘मी पितळ नव्हे’ असे कधी म्हणत नाही. झाकले की नाही, यापेक्षा झाकल्यावर आतली वस्तू सुरक्षित झाली की नुसती दिसेनाशी झाली, हे पाहावे. गंजावर लांबी थापली की गंज आत वाढतच राहतो. तो मुलामा. काकांनी केली ती कल्हई.

इथवर मी काकांवर प्रसन्न होतो. पण कल्हई पातेल्यासाठी थोडीच करतात? ती जेवणाऱ्यासाठी असते.

वरचा पारदर्शक लेप घट्ट व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळतात. त्यात आयसोसायनेट जातीची रसायने असतात. फवाऱ्यातून ती श्वासात गेली तर दमा जडू शकतो; आणि शरीर एकदा त्यांना बिथरले की पुढे अगदी थोडी मात्राही पुरते. काकांनी स्वतःसाठी नळीने बाहेरची हवा घेणारा उत्तम मुखवटा आणला होता. आवारात मुले क्रिकेट खेळत होती.

“काका, मुखवटा एकच आणलात?”

“अरे, दोन तासांचे काम. तीन महिने कोणाला त्रास दिला का मी?”

नव्हता दिला. (कंप्रेसरचा आवाज सोडला तर.) न दिसणाऱ्या पत्र्याशी इतका प्रामाणिक माणूस डोळ्यांसमोरच्या मुलांना कसा विसरतो? मला वाटते, कारागिराची नीती कामाकडे तोंड करून उभी असते. तिची पाठ कोणाकडे आहे, हे तिला दिसत नाही. ही नीती मी हलकी मानीत नाही. ती थोडी अधिक असती तर आपले रस्ते पावसाळ्यात वाहून गेले नसते. पण ती अंगी आली म्हणजे शेजारधर्म आपोआप येतो, हा आपला भाबडा समज आहे.

चार दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी गाडी टेम्पोवर चढून भांडुपच्या एका गॅरेजकडे निघाली. तेथे बंद खोलीत रंग मारतात आणि हवा गाळून बाहेर सोडतात. ‘सगळी घरी रंगविली’ असे म्हणण्याचा मान गेला, याचे त्यांना फार वाईट वाटले. आता कोणी चकाकी पाहून थांबले की ते आधीच सांगतात, “वरचा हात गॅरेजचा.” खालच्या थरांविषयी कोणी विचारीत नाही.